काशीत नसलेला मनोरा

नाताळच्या सुट्टीत मावशीकडे गेले होते. बाहेर गोठा मांडायची गडबड चालली होती, मावशी आणि आई नेवऱ्या तळत होत्या, आणि माझ्याकडे सात वर्षांच्या मावसभावाला सांभाळायचं काम आलं होतं. त्याने एक लाकडी खेळणं माझ्या पुढ्यात आणून ठेवलं. पाटीवर तीन खुंट्या, आणि त्यातल्या एकीवर खाली मोठी, वर लहान अशा रंगीत चकत्या. मुळात त्या आठ होत्या. सगळ्यात लहान हरवली होती, म्हणून सात. नियम दोनच: एका वेळी एकच चकती हलवायची, आणि लहान चकतीवर मोठी कधीच ठेवायची नाही. असं करत सगळा मनोरा दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे खेळलं असेल. कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांना तर ते अभ्यासातच भेटतं. हनोईचा मनोरा.

मी बारावीनंतर गणिताला रामराम ठोकलेली मुलगी. तीसचाळीस चालींनंतर आपण पुढे चाललोय की मागे, तेच मला कळेना. भाऊ शेजारी बसून नेवरी खात होता आणि हसत होता. खोक्यावर इंग्रजीत छापलं होतं की हे कोडं काशीच्या एका प्राचीन देवळातून आलं आहे. ते वाचून मला उगाच जरा धीर आला. आपल्याकडचंच आहे, तर जमायला हवं! रात्री मोबाइलवर शोधायला बसले, तेव्हा कळलं की कोडं काशीचंही नाही आणि हनोईचंही नाही. ते पॅरिसमधल्या गणिताच्या एका मास्तराचं आहे. त्यानंतर दोन महिने मी त्या मास्तराच्या मागे आहे. हा लेख म्हणजे त्या दोन महिन्यांचा हिशेब.

त्याचं नाव एदुआर ल्युका. चरित्रात आदरार्थी बहुवचन वापरायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण तुकोबाला आपण अरे-तुरे करतो, तसं मी ल्युकालाही एकेरीच म्हणणार आहे. इतके दिवस सोबत काढल्यावर अहो-जाहो जमत नाही.

त्याच्याकडे वळण्याआधी कोड्याचं मर्म सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच उभं आहे. मला ते भावाने समजावलं, हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे. तळातली सगळ्यात मोठी चकती हलवायची, तर तिच्या डोक्यावरच्या सहाही चकत्या आधी मधल्या खुंटीवर जायला हव्यात. मग मोठी चकती एकदाच हलते. मग त्या सहा पुन्हा तिच्यावर. म्हणजे सहा चकत्यांच्या चाली दोनदा, अधिक एक. सहांचं काम तसंच पाचांवरून निघतं, पाचांचं चारांवरून. एका चकतीला १ चाल, दोनांना ३, तिनांना ७, मग १५, ३१, ६३ आणि सातांना १२७. प्रत्येक वेळी दुप्पट अधिक एक. दुसऱ्या शब्दांत, १ ला २ ने चकत्या असतील तितक्या वेळा गुणत जायचं आणि शेवटी १ वजा करायचा. याहून कमी चालींत ते होतच नाही.

या १२७ चालींची वाटणीही बघण्यासारखी आहे. सगळ्यात लहान चकती ६४ वेळा हलते, तिच्याखालची ३२ वेळा, मग १६, ८, ४, २, आणि सगळ्यात मोठी फक्त १ वेळा. लग्नघरासारखंच. धाकट्यांची दिवसभर पळापळ, आणि थोरले काका एकदाच उठतात, तेही जेवायला. युक्तीही त्या धाकटीतच आहे. दर एक चाल सोडून लहान चकतीच हलवायची, आणि नेहमी एकाच दिशेने फिरवायची. मधल्या चालीला पर्याय एकच उरतो. चकत्यांची संख्या विषम असेल तर लहान चकती पहिल्यांदा जिथे मनोरा न्यायचाय त्या खुंटीवर ठेवायची, सम असेल तर दुसऱ्या. एवढं कळल्यावर डोकं चालवावंच लागत नाही. मग मात्र मोजायचा कंटाळा येतो.

आता ल्युका. जन्म ४ एप्रिल १८४२, उत्तर फ्रान्समधल्या आमियें या गावी. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिएरमध्ये तो शिकला. तिथे फ्रान्समधल्या मोजक्या हुशार मुलांनाच प्रवेश मिळे. मग पॅरिसच्या वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागला. तिथले प्रमुख होते ल व्हेरिए, म्हणजे दुर्बिणीला डोळा न लावता, नुसत्या आकडेमोडीने नेपच्यून कुठे सापडेल ते सांगणारे. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि ल्युका तोफखान्यात अधिकारी झाला. फ्रान्स हरला. युद्धानंतर त्याने शिक्षकी धरली ती कायमची. आधी मुलें या लहानशा शहरात, मग पॅरिसमध्ये शार्लमान्य आणि सें-लुई या शाळांत. फ्रान्समधली लिसे म्हणजे साधारण आपल्याकडचं ज्युनियर कॉलेज. विद्यापीठातली मानाची खुर्ची त्याला मिळाली नाही. तो मुलांना शिकवत राहिला, आणि उरलेल्या वेळात, जगाला फालतू वाटतील असे प्रश्न सोडवत राहिला.

त्यातला एक प्रश्न तर सरळ तोफखान्यातून आलेला वाटतो. तोफेचे गोळे बाजारातल्या संत्र्यांसारखे रचलेले असत. तळाला चौरस, त्यावर एकेक कमी बाजूचा चौरस, आणि टोकाला एक गोळा. ल्युकाने १८७५ मध्ये विचारलं, की असा ढीग मोडून सगळे गोळे जमिनीवर एकाच मोठ्या चौरसात मांडता येतील असं कधी होतं? एकच गोळा असेल तर काही प्रश्नच नाही. त्याखेरीज एकच उत्तर आहे, असं त्याचं म्हणणं: तळाची बाजू २४ गोळ्यांची, एकूण गोळे ४,९००, आणि त्यांचा चौरस ७० बाय ७०. दुसरं उत्तर नाहीच, याची पूर्ण सिद्धता वॉटसन या इंग्रज गणितज्ञाने १९१८ मध्ये दिली, ल्युकाला जाऊन २७ वर्षं झाल्यावर. प्रश्न विचारायला एक ओळ, उत्तराला ४३ वर्षं.

पण ज्या कामासाठी गणितातले लोक त्याला मानतात ते वेगळंच आहे, आणि त्याची सुरुवात एका धर्मगुरूपासून होते. फादर मारें मेर्सेन हे सतराव्या शतकातले मिनिम संघाचे संन्यासी. पॅरिसच्या मठात बसून ते युरोपभरच्या विद्वानांना पत्रं लिहीत. देकार्त, फर्मा, सगळ्यांशी त्यांचा पत्रव्यवहार. त्यांना आपल्या मनोऱ्यातल्याच संख्यांचा नाद होता, मनोरा जन्मायच्या कितीतरी आधी. ३, ७, १५, ३१, ६३, १२७. यातल्या मूळ संख्या कोणत्या? म्हणजे १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही अशा? १५ ला ३ ने भाग जातो, ६३ लाही जातो. ३, ७, ३१, १२७ मात्र कशानेच तुटत नाहीत. १६४४ मध्ये मेर्सेननी एक यादी छापली. २ कितव्या घातापर्यंत नेऊन १ वजा केला की मूळ संख्या मिळते, त्या घातांकांची: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. शेवटचे तीन त्यांनी कशाच्या आधारावर लिहिले हे त्यांचं त्यांना ठाऊक. तपासणार कोण? १२७वा घात म्हणजे ३९ आकडी संख्या. तिला एकेका संख्येने भागून बघायचं म्हटलं तर काशीच्या पुजाऱ्यांनाही पुरणार नाही. (हे पुजारी कोण, ते पुढे येतंच.)

दोनशे बत्तीस वर्षं ती यादी तशीच होती. १८७६ मध्ये ल्युकाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: १२७ बरोबर आहे. दुसरी: ६७ चूक आहे.

भागाकार न करता हे त्याला कसं कळलं, ते मी वहीत करून पाहिलं. मला जमलं, म्हणजे तुम्हालाही जमेल. सात चकत्यांची १२७ ही संख्या घ्या. ३ पासून सुरू करा. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि जे येईल त्याला १२७ ने भागून फक्त बाकी ठेवायची. ३ चा वर्ग ९, उणे २, आले ७. ७ चे ४७. ४७ चा वर्ग २,२०९, उणे २ म्हणजे २,२०७, आणि १२७ ने भागल्यावर बाकी ४८. ४८ वरून बाकी १६. १६ चा वर्ग २५६, उणे २, आले २५४, म्हणजे बरोबर १२७ ची दुप्पट. बाकी शून्य! घातांक ७ होता, म्हणून दोन कमी म्हणजे पाच पायऱ्या. पाचव्या पायरीला शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. ३ पासून निघणारी ही रीत ४ ने भागल्यावर ३ उरतात अशा घातांकांना चालते. ७, ६७ आणि १२७ तिघंही तसेच.

आता ७ च्या जागी १२७ घाला. तशाच १२५ पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला ३९ आकडी संख्येपर्यंतचा वर्ग आणि भागाकार. कॅल्क्युलेटर नाही, काही नाही. ल्युकाने त्याचाही खेळ केला. संख्या फक्त ० आणि १ या दोनच अंकांत लिहायची, आणि बुद्धिबळाच्या पटासारख्या १२७ बाय १२७ घरांच्या पटावर सोंगट्या सरकवत बेरजा करायच्या. म्हणजे एका बाजूला मुलांसाठी खेळ शोधणारा मास्तर आणि दुसऱ्या बाजूला गंभीर संशोधक, अशी दोन माणसं मला सापडलीच नाहीत. काम एकच होतं. त्यातून निघालेली संख्या ही: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. माणसाला माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या म्हणून ती १९५१ पर्यंत टिकली, म्हणजे ७५ वर्षं. यंत्राशिवाय, नुसत्या हाताने सापडलेली याहून मोठी मूळ संख्या आजपर्यंत दुसरी नाही.

६७ ची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती अर्धवट आहे. ही संख्या तुटते, एवढं ल्युका खात्रीने सांगू शकला. कशाने तुटते ते त्याला सांगता आलं नाही. शून्य येत नाही एवढंच त्याच्या रीतीत कळतं. खून झालाय हे सिद्ध, खुनी मात्र बेपत्ता. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या फ्रँक नेल्सन कोल यांनी ते दोन अवयव शोधून काढले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. तोवर ल्युका नव्हता.

आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण तिच्यात आपला म्हणजे साहित्यवाल्यांचा संबंध आहे. १, १, २, ३, ५, ८, १३ अशा, मागच्या दोन मिळवून पुढची होणाऱ्या संख्यांना जग फिबोनाची म्हणतं. ते नाव रूढ केलं ल्युकानेच, पिसाच्या लिओनार्दोच्या सन १२०२ च्या पुस्तकावरून. त्याच रीतीने, पण २ आणि १ पासून निघणाऱ्या २, १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ यांना आता ल्युका संख्या म्हणतात. वरच्या गणितातले ३, ७, ४७ त्यातलेच. पण छंदशास्त्राचा तास आठवा. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. चार मात्रा किती प्रकारे भरता येतात? पाच. पाच मात्रा? आठ. सहा? तेरा. हेच ते आकडे, आणि आपल्याकडे विरहांक आणि हेमचंद्र यांनी ते लिओनार्दोच्या आधी सांगून ठेवले होते, सशांच्या जोड्या न मोजता, ओळीतल्या मात्रा मोजून. अक्षरगणवृत्तातले गण आठच का? तीन अक्षरं, प्रत्येकाला लघू किंवा गुरू असे दोन पर्याय, म्हणून आठ. तीन चकत्यांच्या मनोऱ्याला त्याहून एक कमी, म्हणजे सात चाली. य-मा-ता-रा-ज-भा-न घोकताना आपण ल्युकाच्या अंगणातच खेळत होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर गणिताला रामराम ठोकताना जरा विचार केला असता.

आता खेळण्याकडे येऊ. १८८३ मध्ये पॅरिसच्या दुकानांत एक खोकं आलं. आत आठ लाकडी चकत्या आणि तीन खुंट्या. वर लिहिलेलं की हे अस्सल अन्नामी कोडं आहे, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधलं, आणि ते तोंकीनहून आणलंय सयामच्या प्राध्यापक एन. क्लाउस यांनी, जे ली-सू-स्तियान विद्यालयाचे मँडरिन आहेत. त्या वर्षी फ्रेंच फौजा तोंकीनमध्ये लढत होत्या. हनोईचं नाव रोजच्या वर्तमानपत्रात होतं. खेळण्याला ते नाव का मिळालं, हे वेगळं सांगायला नको.

असे प्राध्यापक कुठेच नव्हते. क्लाउस हे रोमन लिपीत लिहा: सी, एल, ए, यू, एस. तीच अक्षरं हलवून मांडा: एल, यू, सी, ए, एस. झाला ल्युका. सयामचा एन. क्लाउस या सगळ्याची अक्षरं फिरवली की आमियेंचा ल्युका मिळतो, एकही अक्षर कमी-जास्त न होता. आणि ते ली-सू-स्तियान विद्यालय? ती सें-लुई शाळा, जिथे तो रोज खडू घेऊन उभा राहत असे. आमच्यासारख्यांच्या घरी ज्या संतांचं चित्र भिंतीवर असू शकतं, त्यांच्या नावाची अक्षरं हलवून या माणसाने चिनी वाटावं असं विद्यालय उभं केलं! मी मोठ्याने हसले. आईने विचारलं काय झालं, तर मला सांगता येईना.

काशीची गोष्ट मात्र मला तितकी हसवू शकली नाही. खेळण्याबरोबर ती पसरली, आणि १८८४ मध्ये हेन्री द पारव्हिल या विज्ञानलेखकाने ती चांगली रंगवून सांगितली. काशीच्या मोठ्या देवळात, जगाचा मध्य दाखवणाऱ्या घुमटाखाली एक पितळी तबक आहे. त्यात हिऱ्याच्या तीन सुया. सृष्टीच्या आरंभी ब्रह्मदेवाने त्यातल्या एकीवर शुद्ध सोन्याच्या ६४ चकत्या ठेवल्या. तेव्हापासून पुजारी रात्रंदिवस, पाळीपाळीने, त्या दुसऱ्या सुईवर नेत आहेत, आपल्याच दोन नियमांनी. शेवटची चकती बसेल त्या क्षणी देऊळ, पुजारी आणि सगळं जग धुळीला मिळेल.

हिशेब सोपा आहे. ६४ चकत्यांना १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ चाली. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी जी गोष्ट आपण लहानपणी ऐकतो, तिच्यातल्या एकूण दाण्यांचाही हाच आकडा. सेकंदाला एक चाल आणि चूक एकही नाही, असं धरलं तरी ५८ हजार कोटी वर्षांहून अधिक लागतील. विश्वाच्या आजच्या वयाच्या चाळीसपटींहून जास्त.

आमच्या शेजारच्या काकू दोनदा काशीला जाऊन आल्या आहेत. मी त्यांना मुद्दाम विचारलं. त्यांनी घाट सांगितले, गल्ल्या सांगितल्या, गर्दी, माकडं, लस्सी, रेल्वेचं तिकीट कसं मिळालं ते सांगितलं. हिऱ्याच्या सुया नाहीत. तरी ही गोष्ट आजही खोक्यांवर छापली जाते, पुस्तकांत येते, आणि आपल्याकडची माणसंही ती अभिमानाने पुढे पाठवतात. मलाही त्या रात्री क्षणभर अभिमान वाटलाच होता की. राग त्याचाच आला. पॅरिसमधल्या लोकांना काशी काय नि हनोई काय, दूरचं आणि गूढ असलं म्हणजे पुरे होतं. आणि आम्हाला आमचा हेमचंद्र ठाऊक नाही, पण न झालेल्या देवळाचा गर्व आहे.

ल्युकाला माफ करावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. त्याच्या बाजूने एवढंच म्हणेन की त्याने नाव लपवलं तेही कुणालाही उघडता येईल अशा कुलपात. ३९ आकडी संख्येखाली त्याने स्वतःचं नाव घातलं आणि खेळण्यावर खोटं. साहित्य घेतलं तेव्हा आमच्या एका नातेवाइकांनी मला विचारलं होतं की हा टाइमपास संपल्यावर पुढे काय करणार? ल्युकालाही असं कुणी विचारलं असेल का, असं मला वाटत राहतं. मनोरंजक गणित हे त्याच्या पुस्तकमालेचं नाव. पहिला भाग १८८२ चा. त्यात नदी ओलांडायची कोडी आहेत, चक्रव्यूह आहेत, आणि एकमेकींत अडकलेल्या कड्या सोडवायचं जुनं चिनी कोडं आहे. त्या कड्यांमागे ० आणि १ यांचंच गणित आहे, हे ल्योंच्या लुई ग्रो यांनी १८७२ मध्ये एका छोट्या पुस्तिकेत दाखवलं होतं. ल्युकाने ते लोकांपुढे आणलं, आणि श्रेय ग्रो यांनाच दिलं. वहीत ठिपके काढून, रेघा जोडून चौकोन बळकावायचा जो खेळ आपण मागच्या बाकावर खेळतो, तोही छापून पहिल्यांदा जगापुढे आणला तो ल्युकानेच, १८८९ मध्ये. या अंकाचे संपादक लेख वाचताना मान हलवतील. मागच्या बाकावरचे ते एक पट्टीचे खेळाडू आहेत.

१८९१ मध्ये त्याच्या संख्या सिद्धांतावरच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड आला. दुसरा कधीच आला नाही. त्या सप्टेंबरात फ्रान्समधल्या विज्ञानसंस्थेचं वार्षिक अधिवेशन मार्सेयला होतं. मेजवानीत वाढणाऱ्याच्या हातून चिनी मातीची भांडी पडली. एका फुटक्या बशीचा तुकडा उडून ल्युकाच्या गालाला लागला. जखम लहानशी होती. पण तिच्यात जंतुसंसर्ग झाला, धावरं म्हणतात तसा, आणि तेव्हा त्यावर औषध नव्हतं. ३ ऑक्टोबर १८९१ रोजी तो पॅरिसमध्ये वारला. वय ४९. ज्याने जगाच्या शेवटापर्यंतच्या चाली मोजल्या, त्याचा शेवट एका बशीने केला. हे वाक्य लिहून मी दोनदा खोडलं, फार जुळवल्यासारखं वाटतं म्हणून. पण घडलं ते असंच.

मनोरंजक गणिताचे शेवटचे दोन भाग त्याच्या मागे निघाले, १८९४ पर्यंत. त्याची मूळ संख्या तपासायची रीत अमेरिकेतल्या लेमर यांनी १९३० च्या सुमारास आणखी सोपी केली, आणि ती दोघांच्या जोडनावाने ओळखली जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, सध्याची सगळ्यात मोठी मूळ संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१वा घात उणे १. तिच्यात ४ कोटी १० लाखांहून जास्त आकडे आहेत. ती खात्रीची ठरवतानाही हीच वर्ग करा, दोन वजा करा ही रीत वापरली गेली. वहीत पाच पायऱ्या करताना माझ्या तीन चुका झाल्या होत्या, म्हणून सांगते.

एक मजा राहिली. दोन चकत्यांच्या मनोऱ्याला ३ चाली. तीन चकत्यांना ७. सात चकत्यांना १२७. आणि १२७ चकत्यांचा मनोरा रचलात, तर त्याला लागणाऱ्या चाली म्हणजे बरोबर ती ३९ आकडी संख्या, ल्युकाची. सगळ्या मूळ संख्या. ल्युकाचं काम पाहून बेल्जियममधल्या कातालान यांनी ही साखळी लगेच ओळखली. तिची पुढची कडीही मूळ आहे का, हे अजून कुणालाच माहीत नाही.

मावशीच्या घरी एक चकती हरवली नसती तर हे माझ्या लक्षातही आलं नसतं. परवा मावशीचा फोन आला. गोठ्याचं सामान आवरून माळ्यावर ठेवताना मेंढरांच्या डब्यात ती लहान चकती सापडली. भावाने आठ चकत्यांचा मनोरा हलवला म्हणे, आणि तो मला चाली सांगायला फोनवर आला. २५५. मी त्याला म्हटलं, पाचने भागून बघ.